तण कोण ठरवतं?

नाशिक जिल्ह्यात ‘लॉन्स’ या शब्दाचा अर्थ गवत असा होत नाही. लॉन्स म्हणजे लग्नाची जागा. लासलगावहून विंचूरच्या, निफाडच्या, चांदवडच्या कुठल्याही रस्त्याला लागा. कमानीवर कुणाच्या तरी आजोबांचं नाहीतर कुलदेवीचं नाव आणि पुढे ‘लॉन्स’ असं दिसतंच. पत्रिकेवरही ‘स्थळ’ म्हणून तेच छापतात. आत गवत असतं, पण त्यावर खुर्च्या, मांडव, बुफेची टेबलं आणि शेकडो पावलं असतात. त्या गवताला काम एकच, फोटोत हिरवं दिसायचं.

तिथून हे गवत घरापुढे आलं. कांद्याला किंवा द्राक्षाला दोन वर्षं बरा भाव मिळाला की जुन्या घराच्या जागी बंगला उभा राहतो. बंगल्यापुढच्या मोकळ्या जागेचं काय करायचं, याची उत्तरं आतापर्यंत दोन होती. पेव्हर ब्लॉक बसवा, नाहीतर लॉन लावा.

आता मोबाइलवर तिसरं उत्तर फिरतंय. ‘लॉन काढून टाका, क्लोव्हर लावा.’ रीलमध्ये मऊ हिरवा गालिचा असतो, अनवाणी पाय असतात, पांढरी फुलं असतात. सांगतात की कापायला नको, खत नको, पाणी कमी लागतं, मधमाश्या येतात. बियांचं पाकीट ऑनलाइन मागवता येतं.

हा प्रश्न बागकामाचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. एखाद्या जमिनीवर कुणी राहायचं आणि कुणाला उपटायचं, हे कोण ठरवतं? आणि कशाच्या आधारावर? क्लोव्हरची गोष्ट यासाठी कामाची आहे, कारण गेल्या शंभर वर्षांत तो आधी घरचा होता, मग तण ठरला आणि आता पुन्हा पाहुणा म्हणून बोलावला जातोय. या सगळ्या काळात त्याने स्वतःमध्ये काहीच बदल केलेला नाही.

बरसीमचा चुलत भाऊ

आधी ओळख करून घेऊ. लॉनऐवजी लावतात तो पांढरा क्लोव्हर. शास्त्रीय नाव ट्रायफोलियम रेपेन्स, म्हणजे तीन पानांचा आणि सरपटणारा. जमिनीला धरून पसरतो, वीतभरही उंच होत नाही. चार पानांचा सापडला तर नशीब उघडतं असं युरोपात मानतात.

नाव परकं असलं तरी घराणं लासलगावला नवीन नाही. गायी-म्हशींसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि ऊन तापेपर्यंत पुन्हा पुन्हा कापतात, तो बरसीम घासही ट्रायफोलियमच. मूळचा तो इजिप्तकडचा. म्हणजे रीलमधला देखणा क्लोव्हर हा आपल्या गोठ्यातल्या चाऱ्याचा चुलत भाऊ आहे.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. कुंडीत, पायरीच्या फटीत, नळाजवळच्या ओलीत आपोआप उगवणारी, बदामी आकाराच्या तीन पानांची, पिवळ्या फुलांची, चवीला आंबट अशी एक वनस्पती असते. ती आंबुशी. अनेकजण तिलाच क्लोव्हर समजतात. तिचं कुळ वेगळं आहे. क्लोव्हर हरभऱ्याच्या कुळातला, आंबुशी नाही.

हरभऱ्याच्या कुळातला असणं ही क्लोव्हरची खरी मालमत्ता. या कुळातल्या बहुतेक झाडांच्या मुळांवर छोट्या गाठी असतात. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवून दिलं. शेतकऱ्याला परिणाम आधीपासून माहीत होता, कारण नंतर कळलं. म्हणूनच क्लोव्हरला युरियाची गरज पडत नाही, उलट शेजारच्या गवतालाही त्याचा फायदा होतो.

मग तो लासलगावात टिकेल का? अर्धं वर्ष, हो. निफाड तालुका थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत बातमीत येतो. तो गारठा क्लोव्हरला मानवतो. पण एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारं ऊन, तडकलेली काळी जमीन आणि त्याची उथळ मुळं हे गणित जमत नाही. रोज पाणी दिलं तर कदाचित तग धरेल, पण मग ‘पाणी कमी लागतं’ या दाव्यात काय उरलं? थंड देशात खरी असलेली गोष्ट इथे अर्धीच खरी आहे. आपल्याकडे तो बरसीमसारखाच रब्बीचा पाहुणा म्हणून राहू शकतो.

औषधाने ठरवलेला गुन्हा

आता तो तण कसा झाला ते पाहू.

लॉन ही मुळात इंग्लंडमधल्या जमीनदारांची चैन. आधी ते मेंढ्या चारून किंवा विळ्याने कापून आखूड ठेवायचे. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे मध्यमवर्गालाही लॉन परवडायला लागलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेत लॉनसाठी मिळणाऱ्या बियांच्या मिश्रणात पांढरा क्लोव्हर सर्रास असायचा. त्याच्याशिवायचं लॉन म्हणजे काहीतरी कमी, अशीच समजूत होती.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला एक तणनाशक बाजारात आलं, टू-फोर-डी. ते गवताला फारसं काही करत नाही, रुंद पानांच्या झाडांना मारतं. लॉनमधली पिवळ्या फुलांची रानटी झुडपं त्याने गेली. पण क्लोव्हरही रुंद पानांचाच, तोही गेला. औषधाला दोघांतला फरक कळत नव्हता.

इथे माणसांसमोर दोन वाटा होत्या. हे औषध आपल्या चांगल्या झाडालाही मारतं, हा औषधाचा दोष म्हणायचा. नाहीतर जे या औषधाने मरतं ते तणच होतं असं म्हणायचं. काही वर्षांतच दुसरी वाट रूढ झाली. क्लोव्हर तणांच्या यादीत गेला आणि निव्वळ गवताचं, एकसारखं, एका रंगाचं लॉन हे चांगल्या घराचं लक्षण ठरलं.

थोडं थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे ही. आपण समजतो की आधी दोष दिसतो आणि मग त्यावर उपाय शोधला जातो. इथे उपाय आधी आला आणि त्याने जे मारलं ते दोषी ठरलं. असं फक्त लॉनमध्येच होत नाही. फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर आला, की त्वचेवरची साधी छिद्रं हा ‘प्रॉब्लेम’ होतो. जे काढून टाकणं सोपं, ते काढून टाकण्यालायक वाटायला लागतं.

याच काळात जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका नावाचा शेतकरी आपल्या भाताच्या आणि सातूच्या शेतात हाच पांढरा क्लोव्हर मुद्दाम पेरत होता. जमीन झाकलेली राहावी, इतर तण दबावं, खत मिळावं म्हणून. १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एका देशात ज्याला मारायला औषध फवारत होते, तोच दुसऱ्या देशात शेतातला कामकरी होता.

टू-फोर-डी निफाड तालुक्यालाही माहीत आहे, पण वेगळ्या कारणाने. द्राक्षवेल त्याच्याबाबत फार हळवी असते. शेजारच्या मक्यात किंवा उसात कुणी फवारलं आणि वारा फिरला, तर द्राक्षाची नवी पानं पंख्यासारखी आकसतात, शिरा एकमेकींजवळ ओढल्या जातात, शेंडा वेडावाकडा होतो. फवारणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याचं वाईट करायचं नसतं. त्याला फक्त आपलं रान स्वच्छ करायचं असतं. पण आपली स्वच्छता आपल्या बांधावर थांबत नाही.

एकच गवत, तीन नावं

तण ही वनस्पतीची जात नाही, तो आपण दिलेला निकाल आहे. याचा सगळ्यांत चांगला पुरावा आपल्याकडेच आहे, हरळी.

शेतकऱ्याला विचारा. हरळी म्हणजे डोक्याला ताप. वरून कापली तरी जमिनीतल्या काशा जिवंत राहतात. उन्हाळ्यात नांगरून त्या काशा वेचून बांधावर टाकाव्या लागतात. एखादं पेर राहिलं तरी पावसात पुन्हा पसरते.

भाद्रपदात हीच हरळी दूर्वा होते. एकवीस दूर्वांची जुडी बाजारात पैसे देऊन घ्यावी लागते. शेतात जिला शिव्या दिल्या, तिला पाटावर मान मिळतो.

आणि नर्सरीत, क्रिकेटच्या मैदानावर, हॉटेलच्या बागेत तीच वनस्पती किंवा तिच्या संकरित जाती ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने विकल्या जातात. तिला माणूस ठेवून पाणी घालतात.

हरळी, दूर्वा, बर्म्युडा. एकीला उपटतात, दुसरीला वाहतात, तिसरीला विकतात. लासलगावच्या माणसाला यात नवल वाटू नये. इथे रोज लिलाव होतो आणि एकाच वाफ्यातून आलेल्या कांद्याची आकारावरून वेगळी वर्गवारी होते. बारीक निघाला की तो गोल्टी, त्याचा भाव वेगळा. नाव म्हणजे कांद्याचा गुण नव्हे. बाजाराला आत्ता काय हवंय याची ती चिठ्ठी असते.

वाफ्यात वेगळं, अंगणात वेगळं

इथे घाई करून ‘म्हणजे तण वगैरे काही नसतंच, सगळं मनाचे खेळ’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण ते खरं नाही. आणि असं बोलणारा बहुतेक वेळा खुरपं हातात न धरलेला असतो.

कांद्याचं रोप पाहा. पात सरळ वर जाते, जमिनीवर सावली पडत नाही, मुळं उथळ. शेजारी काहीही उगवलं तरी ते कांद्याला दाबतं. ‘तण खाई धन’ ही म्हण कुणी हौसेने केलेली नाही. म्हणून लागवडीच्या वेळी तणनाशक आणि नंतर निंदणी, हे आलंच. निंदणी बहुतेक ठिकाणी बाया करतात. ऊन डोक्यावर घेऊन, उकिडवं बसून, ओळीओळीने सरकत. त्या बाईला ‘प्रत्येक रोपाला जगण्याचा हक्क आहे’ असं फोनवरून ऐकवणं हा नीतीचा विचार नाही. तो आपल्या सोयीचा विचार आहे.

वाफ्यात तण हा निकाल कारणं देऊन लावलेला आहे. तिथे वादी आहे, कांदा. नुकसान मोजता येतं. त्यावर कुणाचं कर्ज, कुणाच्या मुलीची फी अवलंबून आहे.

पण घरापुढच्या गुंठाभर जागेत वादी कोण? तिथे पीक नाही. आंबुशी उगवली, घोळ उगवली, तर कुणाचं काय बुडतं? ‘काय हो, गवत लई वाढलंय’ असं जाताजाता कुणीतरी म्हणतं आणि आपल्याला लाज वाटते. बहुतेक घरांत तणाविरुद्धचा खटला एवढ्याच साक्षीवर चालतो.

‘एवढ्याच’ म्हणताना एक अपवाद मात्र करायला हवा. गावाकडे अंगण साफ ठेवण्याला एक जुनं आणि खरं कारण आहे, साप. घोणस, मण्यार, विंचू. पावसाळ्यात लहान मूल अंगणात खेळत असेल तर पाऊल कुठे पडतंय ते दिसलंच पाहिजे. शेणाने सारवलेलं अंगण म्हणजे कामाची जागा होती. तिथे धान्य वाळायचं, बाजा टाकल्या जायच्या, पोरं खेळायची. ती स्वच्छता दिखाव्याची नव्हती. दारापुढचा भाग मोकळा असावा, हे आजही बरोबर आहे.

लॉनची स्वच्छता त्यातली नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अभ्यासकाने १८९९ च्या आपल्या पुस्तकात लॉनबद्दल एक गमतीचा मुद्दा मांडला आहे. लॉन हे खरं तर चराऊ रान, आणि ते राखायला गाय हे उत्तम साधन. पण श्रीमंत माणूस तिथे गाय बांधणार नाही, कारण गाय दिसली की काटकसर दिसते. लॉनचा उद्देशच मुळी ‘आम्हाला या जमिनीतून काही काढायची गरज नाही’ हे दाखवणं हा आहे. ज्या तालुक्यात गुंठ्या-गुंठ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, तिथे गुंठाभर जमीन नुसती हिरवी ठेवणं याचा अर्थ सगळ्यांना न सांगता कळतो.

आता त्या हिरवेपणाचा हिशोब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायला रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर गुंठाभर लॉनला रोज सुमारे पाचशे लिटर लागतात. गच्चीवरची पाचशे लिटरची काळी टाकी रोज एक. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलेलं आहे. म्हणजे नऊ माणसांचं पाणी. शेजारच्या येवला-चांदवडकडच्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

आणि मे महिन्यात क्लोव्हर हिरवा ठेवायचा हट्ट धरला, तर टाकी त्यालाही लागणारच. फक्त झाड बदललं आणि हट्ट तोच ठेवला, तर फरक पाकिटावरच्या चित्रापुरता.

उपयोगी असण्याची अट

क्लोव्हरच्या बाजूने आज जे बोललं जातं ते सगळं त्याच्या उपयोगाबद्दल आहे. नायट्रोजन देतो, मधमाश्या आणतो, कष्ट वाचवतो. म्हणजे काल तो निरुपयोगी म्हणून हाकलला गेला आणि आज उपयोगी म्हणून बोलावला जातोय. न्यायाधीश तोच, निकाल फक्त उलटा.

बौद्ध परंपरेत जीवक वैद्याची गोष्ट आहे. तक्षशिलेत शिकत असताना गुरूने त्याला सांगितलं, औषधी नसलेली एखादी वनस्पती शोधून आण. तो सगळीकडे हिंडून रिकाम्या हाताने परतला. अशी एकही वनस्पती मिळाली नाही म्हणाला, आणि त्याचं शिक्षण पूर्ण झालं. सुंदर गोष्ट आहे. पण तिचा आजच्या सोयीने अर्थ लावला तर तीही आपल्याला थोडी फसवते. प्रत्येक झाडाचा माणसाला काहीतरी उपयोग आहे, म्हणून ते राहू दे, असा तो अर्थ. समजा एखाद्याचा उपयोग अजून सापडला नसेल तर?

ही अट झाडांपुरती राहत नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या आणि कांदा लागवडीच्या दिवसांत सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या निफाड-दिंडोरीकडे येतात. हंगामात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. टोळी आधी आपल्याकडे यावी म्हणून उचल दिली जाते. हंगाम संपला आणि त्यांतली काही कुटुंबं गावाच्या कडेला पाल ठोकून राहिलीच, तर त्याच गावात ‘ही घाण इथे कशाला’ अशी भाषा सुरू होते. माणसं तीच, महिना वेगळा. हरळीची दूर्वा होते तसं इथेही होतं, फक्त उलट्या दिशेने. आपण माणसांसाठी ‘बांडगूळ’ हा शब्द शिवीसारखा वापरतो, ‘साफ करणं’ हा शब्दही वापरतो. हे शब्द शेतातूनच आलेत आणि येताना शेतातली कारणं मागे ठेवून आलेत.

म्हणून अंगणातल्या आंबुशीचा विचार हा फक्त आंबुशीचा विचार नाही. ज्याने आपलं काही बिघडवलेलं नाही, त्याला केवळ आपल्या चित्रात बसत नाही म्हणून उपटायचं, या सवयीचा तो विचार आहे. हात एकदा वळणाला लागला की तो समोर काय आहे ते फारसं पाहत नाही.

बेवड

मग काहीच उपटायचं नाही का? तसंही नाही. गाजरगवत घ्या. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज रस्त्याकडेला, पडीक जागेत ते सगळीकडे आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला पुरळ येतं, परागाने त्रास होतो. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि त्यातली द्रव्यं शेजारी दुसरं काही नीट वाढू देत नाहीत. त्याला अंगणात राहू देणं म्हणजे औदार्य नव्हे, शेजाऱ्यांवर अन्याय.

म्हणजे निकाल द्यावा लागतोच. फक्त कसोटी बदलायला हवी. ती कसोटी आपल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात पिढ्यान्पिढ्या आहे, बेवड.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. एखादं पीक निघाल्यानंतर जमीन ज्या स्थितीत मागे राहते आणि त्याचा पुढच्या पिकावर जो परिणाम होतो, त्याला बेवड म्हणतात. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ असं म्हणतात, कारण हरभऱ्यानंतर येणाऱ्या पिकाला जमीन सुधारलेली मिळते. ताग फुलावर आला की जमिनीत गाडतात, त्याचं तर सगळं जगणंच पुढच्यासाठी असतं. उलट काही पिकं जमिनीतून ओढून घेतात आणि मागे थकलेलं रान ठेवतात. त्यांचा बेवड वाईट.

‘उपयोग’ आणि ‘बेवड’ या दोन शब्दांतलं अंतर पाहा. उपयोग विचारतो, मला आत्ता यातून काय मिळतं? बेवड विचारतो, हे गेल्यावर जो येईल त्याला काय मिळेल? पहिल्या प्रश्नात मी मध्यभागी असतो. दुसऱ्यात मी नसतोच, किंवा असलो तर मागे काहीतरी ठेवून जाणारा म्हणून असतो. देखणेपणाची मोजणी त्यात नाही. आणि सगळ्यांना सारखंच चांगलं म्हणायचा भोळेपणाही नाही, कारण गाजरगवत या कसोटीवर नापास होतं.

या कसोटीवर अंगण पुन्हा पाहू. पेव्हर ब्लॉकचा बेवड काय? खालची माती श्वास कोंडून पडलेली, पाऊस मुरण्याऐवजी गटारात गेलेला. औषध-पाण्यावर पोसलेल्या एकरंगी लॉनचा? उपसलेलं पाणी आणि कीटकांनाही खायला काही नसलेली जागा. हिवाळ्यापुरत्या क्लोव्हरचा? गाठींतला नायट्रोजन, मधमाश्यांना फुलं, उन्हाळ्यात वाळून माती झाकणारा पाचोळा. आपोआप आलेल्या आंबुशीचा, घोळीचा? माती झाकलेली राहिली, पाण्यावर खर्च नाही, आणि घोळीची भाजीही झाली.

क्लोव्हर या यादीत चांगला ठरतो. पण तो रीलमध्ये सुंदर दिसतो म्हणून नव्हे. आणि आंबुशी त्याच्या अगदी मागोमाग येते, जिच्या बियांचं पाकीट कुणी विकत नाही.

आधी कुणी?

आक्षेप येईल की पुढच्याचा विचार करणं ज्याला परवडतं त्यानेच करावा. आक्षेप योग्य आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. दीड एकर कांद्यावर घर चालवणाऱ्याने, भाव कोसळलेला असताना, मधमाश्यांसाठी वाफ्यात फुलं ठेवावीत असं कुणी म्हणू नये. त्याच्याकडे मोकळीक नाही. पण ज्याच्याकडे घरापुढे गुंठाभर अशी जमीन आहे की जिच्यातून त्याला काहीच पिकवायचं नाही, त्याच्याकडे मोकळीक नक्कीच आहे. लॉन्सवाल्याकडे आहे. शाळेच्या, बँकेच्या, सरकारी कचेरीच्या आवारात आहे. शहरातल्या सोसायटीत आहे, जिथे आपल्यातले बरेचजण राहतात. जबाबदारी सगळ्यांवर सारखी नसते. जिथे मोकळीक जास्त, तिथे ती आधी येते. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. पाणी वाचवा, जमीन सांभाळा, औषध कमी मारा हे उपदेश शेतकऱ्याला आणि लॉनला मात्र स्प्रिंकलर.

हे सगळं व्यवहारात फार अवघड नाही. दारापुढची आणि पायवाटेची पट्टी मोकळी ठेवा, साप-विंचू दिसले पाहिजेत. बाकीच्या जागेत पावसाळ्यात जे येईल ते येऊ द्या, फक्त गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट काढा. हौस असेल तर ऑक्टोबरअखेर क्लोव्हर टाका. बियाण्याला त्याचं जिवाणू संवर्धक मिळालं तर लावा, बरसीमला लावतात तसं. उन्हाळ्यात तो वाळला तर वाळू द्या, त्याला टाकीभर पाणी घालून सिद्ध करण्यासारखं काही नाही. आजूबाजूला द्राक्षबाग असेल तर टू-फोर-डीच्या बाटलीला हात लावू नका. आणि हंगाम संपल्यावर गावाच्या कडेला पाल टाकून राहिलेल्या कुटुंबाबद्दल कुणी ‘घाण’ म्हणालं, तर त्याला विचारा की नेमकं काय बुडालं.

मे महिन्यात अशी जागा करपलेली, पिवळी दिसेल. फोटो चांगला येणार नाही. जून लागला, पहिला पाऊस पडला, की खाली काय राहिलं होतं ते आठवड्याभरात दिसायला लागेल.